१६-१५ : आफ्रिकेचा खेळ चांगला होता, की फक्त निकाल?

रानवाट
२०२३ च्या रग्बी विश्वचषकातली दक्षिण आफ्रिका–इंग्लंड उपांत्य लढत काल पुन्हा पूर्ण बघितली. निकाल माहीत होता, त्यामुळे धडधड नव्हती, आणि म्हणूनच तेव्हा न दिसलेलं दिसलं. जिंकलेला संघ जवळपास सत्तर मिनिटं हरत होता.

पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर पाऊस. उंच चेंडू झेलायला इंग्लंडने फ्रेडी स्टीवर्डला संघात परत घेतलं आणि चेंडू सतत वर मारत राहिले. आफ्रिकेला त्यावर तोड सापडेना. ३१ व्या मिनिटाला फ्लाय-हाफ (खेळ चालवणारा, किका मारणारा) मानी लिबोकला बाहेर बोलावून हँड्रे पोलार्डला आणावं लागलं. मध्यंतराला ६-१२. ५३ व्या मिनिटाला इंग्लंडच्या ओवेन फॅरेलचा ड्रॉप गोल (चालू खेळात खांबांमधून मारलेली किक, तीन गुण), ६-१५. मग थेट ६९ व्या मिनिटाला आफ्रिकेच्या स्नायमनची ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं, पाच गुण), पोलार्डचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक, दोन गुण), आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना जवळपास ५० मीटरवरून पोलार्डची पेनल्टी (समोरच्याच्या नियमभंगानंतरची किक, तीन गुण).

माझं म्हणणं असं की सुरुवातीचा संघ चुकीचा होता आणि प्रशिक्षकांनी ते ३१ व्या मिनिटालाच मान्य केलं. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८ हरवणारे तेच २३ जण (मैदानात पंधरा, बाकावर आठ) जसेच्या तसे उतरवले. फ्रान्सविरुद्धचा सामना मोकळा, वेगवान होता, तिथे लिबोकचे पास कामी आले. चिखलात त्यांचा उपयोग काय? त्याआधी साखळीत आयर्लंडकडून ८-१३ हरले तेव्हा किकांवर ११ गुण सोडले होते. म्हणजे दुखणं माहीत होतं. विजयाचा आनंद मलाही झाला, रात्रभर झोप नव्हती. पण निकालाकडे बघून खेळाला गुण द्यायचे नसतात.

आडदांड
रानवाट, तुम्ही पंधरा जणांचा हिशेब मांडताय. हा संघ तेवीस जणांचा आहे, आणि २०१९ पासून उघडपणे तसा आहे. बाकावरच्या खेळाडूंना त्यांनी ‘बॉम्ब स्क्वॉड’ हे नाव उगाच नाही दिलं.

मी स्वतः प्रॉप (पुढच्या फळीत कडेला) म्हणून खेळलोय, म्हणून स्क्रमबद्दल, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात त्याबद्दल, थोडं सविस्तर सांगतो. पावसात चेंडू हातातून निसटतो. निसटून पुढे पडला की समोरच्याला स्क्रम मिळतो. म्हणजे इंग्लंडला ज्या पावसाने मदत केली, त्याच पावसाने स्क्रमचा भाव वाढवला. पहिल्या चाळीस मिनिटांत दोन्ही पुढच्या फळ्या ताज्या असतात, कोणी कोणाला फारसं हलवत नाही. पण साठाव्या मिनिटाला मांड्या भरून येतात, मान आखडते, आणि समोर ऑक्स न्चेसारखा ताज्या दमाचा माणूस येऊन बसतो. कुस्ती बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अंगात ताकद असते, पण पाय जमिनीत रुतत नाहीत.

न्चे आल्यावर काय झालं ते पुन्हा बघा. स्क्रममध्ये पेनल्टी, तिथून कोपऱ्यात लाइनआऊट (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकणं), मग ट्राय. निर्णायक पेनल्टीसुद्धा स्क्रममधूनच. न्चे बदली, स्नायमन बदली, पोलार्ड बदली. शेवटच्या दहा मिनिटांत जे झालं, ती आखणी होती.

मृगजळ
मला वाटतं आपण इंग्लंडकडे नीट बघत नाही आहोत. त्यांचे पंधराच्या पंधरा गुण फॅरेलच्या पायातून आले, चार पेनल्टी आणि एक ड्रॉप गोल. ट्राय शून्य. इतकं वर्चस्व होतं तर ट्रायलाइन ओलांडली का नाही? आफ्रिकेचा बचाव त्या सत्तर मिनिटांत कुठेही फुटला नाही. आक्रमण वाईट होतं हे मान्य, पण “सत्तर मिनिटं हरत होता” हे फक्त गुणफलकाचं वर्णन आहे. नऊ गुणांची पिछाडी म्हणजे एक ट्राय, कन्व्हर्जन आणि एक पेनल्टी. झालंही नेमकं तेच.

रानवाट
मृगजळ, बचावाचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो लिहायलाच हवा होता.

पण आडदांड, ‘आखणी’ हा शब्द मला खटकतो. ताजा प्रॉप उत्तरार्धात आणणं ही आखणी, यात वाद नाही. फ्लाय-हाफला अर्ध्या तासात बाहेर काढणं ही आखणी नव्हे, ती दुरुस्ती. दोन्ही गोष्टी एका पोत्यात घालू नका. आणि लिबोकवर हा अन्यायच झाला. ज्या सामन्यात त्याच्या गुणांना वाव नव्हता त्यात त्याला ढकललं, आणि सगळ्या जगासमोर माघारी बोलावलं. त्याचा बाकावर बसलेला चेहरा मला अजून आठवतो.

आडदांड
दुरुस्ती तर दुरुस्ती. किती प्रशिक्षक विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ३१ व्या मिनिटाला आपली चूक कबूल करतात? बहुतेक जण मध्यंतरापर्यंत थांबतात, मग आणखी दहा मिनिटं बघतात, तोवर सामना गेलेला असतो. हा निर्णय घेण्याची हिंमत हासुद्धा संघाच्या कामगिरीचाच भाग धरायला हवा.

जुना खेळिया
उशिरा आलो, पण मी रानवाटच्या बाजूने आहे, आणि कारण पुढच्या आठवड्यात दिसतं.

अंतिम सामना, न्यूझीलंड, १२-११. पहिल्या अर्ध्या तासात न्यूझीलंडच्या सॅम केनला पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर), नंतर ते लाल झालं (उरलेला सामना बाहेर). न्यूझीलंड जवळपास पन्नास मिनिटं चौदा जणांत खेळलं. त्या वेळात आफ्रिकेने किती गुण केले? ३४ व्या मिनिटाची एक पेनल्टी. तीन गुण. उत्तरार्धात शून्य! न्यूझीलंडकडून बोडन बॅरेटची ट्राय झाली, मोउंगाचं कन्व्हर्जन हुकलं, जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी हुकली. यातली एक किक आत गेली असती तर आज हा धागा वेगळ्याच नावाने निघाला असता.

ज्या संघाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विकेनहॅमवर ह्याच न्यूझीलंडला ३५-७ असं लोळवलं, तो बाद फेरीत तीनदा एकेका गुणाने सुटला. मला हा संघ प्रिय आहे म्हणूनच विचारतो, आक्रमण कुठे गेलं होतं?

मृगजळ
जुना खेळिया, आकडे बरोबर आहेत, पण अर्धे. आफ्रिकेच्या सिया कोलिसीला उत्तरार्धाच्या सुरुवातीला पिवळं कार्ड मिळालं आणि चेस्लिन कोल्बीला ७३ व्या मिनिटाला. म्हणजे बरीच मिनिटं दोन्हीकडे चौदाच होते. आणि हुकर (स्क्रमच्या पुढच्या फळीतला मधला) बोंगी म्बोनाम्बी तर तिसऱ्याच मिनिटाला जखमी होऊन गेला. डीओन फूरी, जो तेव्हा मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा) म्हणून खेळायचा, उरलेला सगळा सामना हुकर म्हणून खेळला. लाइनआऊटमध्ये चेंडू फेकणारा मुख्य माणूसच नसेल तर आक्रमण उभारायचं कशावर? अशा दिवशी पीटर-स्टेफ डू टॉइटने २८ टॅकल केले, म्हणजे अठ्ठावीसदा समोरच्याला धरून पाडलं. मला ती कामगिरी कुठल्याही ३५-७ पेक्षा मोठी वाटते. त्या रात्री मी रडले होते, लपवत नाही.

जुना खेळिया
ताई, म्बोनाम्बी गेल्यावर दुसरा अस्सल हुकर का नव्हता, हेही सांगा ना. स्पर्धेच्या सुरुवातीला माल्कम मार्क्स, म्हणजे दुसरा हुकर, जखमी झाला. त्याच्या जागी त्यांनी हुकर बोलावलाच नाही. बोलावला पोलार्ड, एक फ्लाय-हाफ! एवढ्या मोठ्या स्पर्धेत एकाच हुकरच्या भरवशावर राहायचं, याला मी तरी जुगार म्हणतो.

आडदांड
आणि त्या जुगारानेच इंग्लंडला हरवलं, हे तुमच्याच वाक्यातून निघतं. पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ ३३ जणांत नव्हता. हुकरच्या जागी हुकर आला असता तर त्या पावसात ती पेनल्टी घ्यायला पोलार्ड मैदानातच नसता. फूरीला हुकर म्हणून उतरवायचं हेही आधीच ठरलेलं होतं, ऐन वेळी सुचलेलं नव्हतं. धोका पत्करला होता, डोळे उघडे ठेवून.

रानवाट
मग आपण एकाच जागी आलो, आडदांड. माझी तक्रार हीच आहे की किक मारणारा माणूस इतका महत्त्वाचा आहे हे त्यांना कळत होतं, तर त्याला पहिल्या मिनिटापासून का नाही खेळवलं? अंतिम सामन्यात खेळवलंच की! आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे आहेत.

जुना खेळिया
आणि मार्क्स जखमी झालाच नसता तर? ती ५० मीटरवरची पेनल्टी घ्यायला कोण उभं राहिलं असतं?

आडदांड
फाफ डी क्लर्क. लांबच्या किका तोच घ्यायचा.

रानवाट
आयर्लंडविरुद्ध लांबच्या दोन पेनल्टी त्यानेच घेतल्या होत्या. दोन्ही हुकल्या.