मुलांच्या आवडत्या पुस्तकावरून सगळ्या घराने मिळून काय करता येईल?

रानजाई

मे महिन्यात कुडाळला सासरी आम्ही सगळे जमतो. सासू-सासरे, दीर-जावा, नणंद, आणि पोरंटोरं: माझी सहा वर्षांची धाकटी सगळ्यांत लहान, तर पुतण्या तेरा वर्षांचा. गेल्या मे महिन्यात आम्ही विंदा करंदीकरांच्या ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’वरून सावल्यांचा खेळ केला. यंदा काय करावं, हे विचारण्यासाठी हा धागा.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. सासऱ्यांना विंदांच्या बालकविता तोंडपाठ आहेत. विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलचे, म्हणून आमच्या घरात त्यांचा उल्लेख ‘आपले विंदा’ असाच होतो. रात्री जेवणं झाली की सासरे पडवीत बसून म्हणायला लागतात आणि पोरं घाबरत घाबरत हसतात. भुतांच्या कवितेला वीज गेलेली पडवी मिळाली की आणखी काही लागत नाही.

पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायच्या, पोथ्या आम्ही पोरांना दाखवून आणल्या. परशुराम गंगावणे यांनी तिथे ‘कला आंगण’ हे या कलांचं संग्रहालय उभं केलंय, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परतीच्या वाटेवर रिक्षातच माझ्या थोरल्याने विचारलं, पिशीमावशीची बाहुली अशी नाही का करता येणार?

मग काय, घर कामाला लागलं. सासऱ्यांचं धुवट पांढरं धोतर पडवीच्या दोन खांबांना ताणून बांधलं. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून भुतं केली, सासूबाईंनी खराट्यातले हीर काढून त्यांच्या काठ्या केल्या. नणंदेने टाळ धरले. शेजारची माणसं बघायला आली आणि धाकटीने एका भुताला स्वतःचं नाव दिलं ते वर्षभर टिकलं. अजून ते भूत आमच्या डोंबिवलीच्या फ्रिजवर आहे.

आता अडचण. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हात चित्रात फार सुरेख आहे. त्यांनी पहिली बाहुली काढली आणि ती इतकी देखणी झाली की पोरांनी आपापल्या पेन्सिली खाली ठेवल्या. खेळ छान झाला, पण त्यातली बरीचशी भुतं मोठ्यांची होती. मला यंदा पोरांच्या हातची भुतं हवी आहेत, वाकडी असली तरी. आणि मोठ्यांनीही नुसतं बघत बसायला नको, कारण त्यांनाही तेवढाच आनंद हवा असतो. हे कसं जमवता तुम्ही?

दुसरं, तेरा वर्षांचा पुतण्या म्हणतो बाहुल्या लहान मुलांच्या. त्याला ओढून बसवायचं नाही, पण तो आतल्या खोलीत एकटा मोबाइल घेऊन बसलेला मला बघवत नाही. त्याला काय द्यावं?

आणि दीर म्हणतात यंदा शूटिंग करून यूट्यूबवर टाकू. चालतं का असं?

निशिगंध

किती गोड! धोतराचा पडदा वाचूनच मन भरून आलं. आमच्याकडे माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’वरून लेकीने आमच्या घराची पुस्तकं केली, एका माणसाचं एक. आजीच्या पुस्तकात आजी नुसती औषधं घेताना आणि पत्ते पिसताना दिसते. आजीने ते देवघरात ठेवलंय. वाचत राहते या धाग्यावर.

सावंतवाडीचा_मास्तर

रानजाई, मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण वर्गात हाच प्रश्न रोज समोर असायचा.

मोठ्यांच्या हातात पेन्सिल द्यायची नाही. कात्री द्या, सुई-दोरा द्या, खळ शिजवायला द्या. आकृती कोणाची, तर मुलाची. ती कापायची कोणी, सांधायची कोणी, उभी कशी राहील हे बघायचं कोणी, तर मोठ्यांनी. तुमच्या जाऊबाईंचा हात चांगला आहे ना, मग त्यांना सर्वांत अवघड काम द्या: सहा वर्षांच्या मुलीने काढलेल्या रेषेवरून तसूभरही न ढळता कापायचं. वाकडं नाक वाकडंच कापायचं. चित्र येणाऱ्या माणसाला हे काम फार कठीण जातं, आणि म्हणूनच त्यांना त्यात रस वाटेल.

दुसरी गोष्ट. कविता आधी मोठ्याने वाचायची, पुस्तक मिटायचं, मग कागद द्यायचा. छापील चित्र समोर राहिलं की मुलं त्याची नक्कल करतात आणि ती जमली नाही की रडतात. कानाने ऐकलेल्या भुताला प्रत्येकाचं वेगळं तोंड येतं. आपले सासरे तोंडपाठ म्हणतात हे तुमच्या घराचं मोठं भाग्य आहे.

आता थोडं कामाचं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची सावली नुसती काळी पडते. पिंगुळीच्या बाहुल्यांत रंग दिसतात, कारण चामडं पातळ करून त्यातून उजेड आरपार येतो. घरी तसं करायचं तर जाड ड्रॉइंगच्या कागदावर शाईचे रंग द्या, पूर्ण वाळू द्या आणि मागून खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. कागद उजेड आत घेतो, रंग पडद्यावर उतरतात. पोस्टर कलर जाड बसतो, तो उजेड अडवतो, म्हणून शाई. जास्तीचं तेल रद्दीत टिपून घ्यायचं, नाहीतर धोतराला डाग पडतील. डोळे, दात, दागिने जिथे हवेत तिथे सुईने भोकं पाडा, तेवढेच ठिपके लखलखतात. कोपर आणि गुडघा जाड दोऱ्याच्या गाठीने सांधा, दोन्ही बाजूंना गाठ.

पडद्यामागे एकच लहान दिवा ठेवा. ट्यूबलाइट उपयोगाची नाही, सावली विरघळते. बाहुली कापडाला चिकटून धरली की रेघ स्वच्छ येते, दिव्याकडे नेली की भूत मोठं आणि धूसर होत जातं. भुतांच्या कवितेला याहून चांगली सोय कुठली? ही युक्ती मुलांना सांगू नका, त्यांची त्यांना सापडू द्या. पहिल्यांदा भूत छतापर्यंत वाढतं तेव्हा मूल जे ओरडतं ते ऐकण्यासारखं असतं.

चित्रकथीही करून बघा. एका गोष्टीची सगळी चित्रं सुट्या कागदांवर असतात, त्या संचाला पोथी म्हणतात. दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, सांगणारा एकेक उलटत गातो. घरात दहा माणसं असतील तर दहा पानं, प्रत्येकाचं एक, मोठ्यांचंसुद्धा. इथे मोठ्यांना पेन्सिल चालेल, कारण कोणाच्या चित्रावर कोणाचा हात फिरत नाही.

सायकलवाला

पुतण्याबद्दल लिहितो. त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, आणि बाहुल्यांऐवजी श्रुतिका करायला सांगा. आमच्याकडे भाच्यांनी ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’मधला एक तुकडा रेकॉर्ड केला. मोबाइल त्याच्या हातात आहेच, तर तोच कामाला लावा. आवाज जमवण्याचं काम या वयाच्या मुलांना धरून ठेवतं: घोड्याच्या टापांना करवंट्या, पावसाला सुपात हळूहळू फिरवलेले तांदूळ, विजेला हलवलेला पत्रा, जाळाला चुरगळलेला सेलोफेन कागद. बन्याचा ‘ट्टॉक’ कोणाचा अस्सल, यावर आमच्या घरात दोन दिवस भांडण चाललं होतं.

आम्ही पुण्याचे, म्हणून एका रविवारी सायकली घेऊन हडपसरहून सासवड रस्त्याने फुरसुंगीला गेलो. आता तिकडे इमारती झाल्यात, पण बन्या फेणे जिथला, ते गाव खरंच आहे हे पोरांच्या डोळ्यांत दिसत होतं. परत आल्यावर भाचीने जुन्या चादरीवर नकाशा शिवायला घेतला. रस्ते उलट्या टाक्याचे, कालवा निळ्या दोऱ्याचा. आईने तिला टाका शिकवला. माझी आई एरवी या पुस्तकांच्या वाटेला गेली नसती, पण नकाशात काय कुठे येतं हे कळायला हवं म्हणून तिने सलग चार पुस्तकं वाचून काढली. मला या सगळ्या खटाटोपातलं ते सर्वांत आवडलं.

तेराव्या वर्षी मुलाला धाकट्यांच्या रांगेत बसवू नये. आवाजाचा, दिव्याचा सगळा कारभार त्याचा, असं जाहीर करून टाका. सावल्यांच्या खेळालाही आवाज लागतोच.

वकीलकाकू

यूट्यूबचं सांगते. घरात, शेजाऱ्यांसमोर, तिकीट न लावता खेळ केलात तर काळजी नको. नेटवर टाकणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. विंदा २०१० साली गेले, म्हणजे २०७० अखेरपर्यंत. भागवत २००१ साली गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. कविता म्हटलेला व्हिडिओ सर्वांसाठी टाकायचा असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. प्रकाशकाला पत्र पाठवलं की पुढची वाट कळते. पुस्तकातल्या चित्रांचे हक्क आणखी वेगळे असतात, पण तुमची चित्रं मुलांची स्वतःची असतील तर तो प्रश्न येत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. त्यातली गोष्ट घेतलीत तर शब्दांसाठी कोणाला विचारावं लागणार नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर शूटिंग घरापुरतं ठेवा. कॅमेरा समोर आला की मुलं चुकायला घाबरतात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं उत्तर मी जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं. वाकडी रेघ वाकडीच कापायची हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, मग मला चांगली कात्री आणून दे.

असं ठरतंय: सावल्यांचा खेळ पुन्हा पिशीमावशीचाच, धाकटीचा हट्ट आहे. तेलाचे कागद करून बघणार. चित्रकथीची पोथी विंदांच्याच ‘राणीची बाग’वरून, प्रत्येकाला एक प्राणी. सासऱ्यांनी आयुष्यात कधी चित्र काढलेलं नाही, त्यांनी आत्ताच हत्ती मागून घेतलाय. पुतण्याला आवाजाचा कारभार दिला आहे, त्याने विचारलं की पावसाला तांदूळ कुठले, उकडे की सुरय. हे चांगलं लक्षण समजते. शूटिंग घरापुरतंच.

सासूबाईंना मुखवटेही करायचे आहेत, त्यांच्या माहेरी कागदाच्या लगद्यात भिजवलेली मेथी वाटून घालत, म्हणजे कीड लागत नाही आणि लगदा चिकटही होतो. पातेलं पालथं घालून त्यावर थापायचा. मास्तर, मुखवटा मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत वाळेल का, की सावलीत ठेवायचा? उन्हात तडे जातात असं नणंद म्हणते.

सावंतवाडीचा_मास्तर

पहिला दिवस सावलीत, वारा लागेल तिथे. वरचा थर धरला की पातेल्यावरून सोडवा आणि मग उन्हात, दर दोन तासांनी उलटत. एकदम उन्हात ठेवलात तर वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो, तुमच्या नणंदबाई बरोबर सांगतात. पातेल्याला आधी तेलाचा हात फिरवायला विसरू नका. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत रंगवून घ्या.