दुसरी शिफ्ट बंद आहे, तिला काय म्हणायचं ते दिल्लीत ठरू द्या

हिशेबनीस (७ डिसेंबर २०१९)

मी कर सल्लागार आहे, अर्थतज्ज्ञ नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिल्या प्रतिसादातला तो टोमणा वाचेल. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचे जीएसटी रिटर्न भरणं हा माझा धंदा.

परवा एका अशिलाकडे बिलं आणायला गेलो होतो. शेडमध्ये धातू कापायची चार व्हीएमसी मशीन, त्यातल्या दोनांवर प्लास्टिक टाकलेलं आणि प्लास्टिकवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. मागच्या दारापाशी चिप्सचं पिंप असतं, लोखंड कापताना पडणारा चुरा त्यात टाकतात. गेल्या वर्षी भंगारवाला दर शनिवारी यायचा, तरी पिंप भरून वाहायचं. आता ते अर्ध्यावर आहे. "महिन्यातून एकदा फोन करतो त्याला," मालक म्हणाले. दुसरी शिफ्ट जुलैपासून बंद. ऑपरेटर ठेवलेत, हेल्पर गावी गेलेत. गाड्यांच्या कंपनीकडून येणारं ऑर्डरचं शेड्यूल दर महिन्याला थोडं थोडं कापलं जातंय आणि कंपनी स्वतःच अधूनमधून चार दिवस 'ब्लॉक क्लोजर' घेते, म्हणजे कारखाना बंद ठेवते.

२९ नोव्हेंबरला जुलै ते सप्टेंबरचा विकासदर आला, ४.५ टक्के. सहा वर्षांतला नीचांक. दोनच दिवस आधी अर्थमंत्री राज्यसभेत सांगत होत्या की वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही आणि कधी होणारही नाही. व्याख्येने बघितलं तर त्या बरोबरच आहेत. लागोपाठ दोन तिमाह्या उत्पादन घटलं तर मंदी. आपलं अजून वाढतंय. पण त्या ४.५ च्या पोटात काय आहे? कारखानदारी उणे १ टक्का. नवी गुंतवणूक वाढली जेमतेम १ टक्का. आणि सरकारचा स्वतःचा खर्च वाढला १५.६ टक्के. सरकारने हात आखडता घेतला असता तर आकडा कुठे असता, ते ज्याने त्याने मनात धरावं. गुरुवारी रिझर्व्ह बँकेने वर्षाचा अंदाज ६.१ वरून ५ वर आणला. तो ६.१ चा अंदाज ऑक्टोबरमधला, म्हणजे सगळा मिळून दोन महिन्यांचा.

हे सगळं एक वेळ चालेल. तेजी-मंदी धंद्यात असतेच. माझी खरी तक्रार वेगळी आहे. रोजगाराचा अहवाल अडकवून ठेवला म्हणून जानेवारीत सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल आला कधी, तर ३१ मे रोजी, शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी. बेरोजगारी ६.१ टक्के. आता नोव्हेंबरात घरखर्चाच्या पाहणीचा अहवाल रद्दच केला. वर्तमानपत्रात फुटलं त्यानुसार महागाई वजा करून माणशी महिन्याचा खर्च २०११-१२ मध्ये १५०१ रुपये होता, तो २०१७-१८ मध्ये १४४६ झाला. म्हणजे सहा वर्षांत लोक आधीपेक्षा कमी खर्च करायला लागले. आकडा चुकीचा असेल तर कुठे चुकला ते दाखवा. माझ्या अशिलाने असं केलं, म्हणजे तोटा दिसतोय म्हणून पुस्तकच कपाटात टाकलं, तर त्याला काय नोटीस येते हे मी रोज बघतो.

आणि विरोधी पक्ष? ४.५ चा आकडा आला त्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे शिवाजी पार्कवर शपथविधी होता. त्याआधी महिनाभर कोण कोणाच्या गाडीत बसलं याचीच चर्चा. पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठते हे राज्यातल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. ४.५ हा आकडा किती जणांना माहीत आहे?

आडवा छेद

हिशेबनीस, तुमचं भोसरी खरं आहे, पण भोसरी म्हणजे देश नव्हे. गाड्यांच्या धंद्यात काय झालं ते जरा सविस्तर बघा, सगळं खापर एका माणसावर फोडायची घाई नको.

जुलै २०१८ मध्ये ट्रकची वजनाची मर्यादा वाढवली. तेवढाच माल कमी ट्रकमध्ये जायला लागला, मग नवे ट्रक कोण घेणार? सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. गाडीची ऑनरोड किंमत चढली. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाली आणि बिगर बँक वित्तसंस्थांचं कर्ज आटलं. दुचाकी आणि टेम्पो जास्त करून याच संस्थांच्या कर्जावर विकले जातात. वर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम. मग शहाणं गिऱ्हाईक थांबणारच. ऑगस्टमध्ये मोटारींची घाऊक विक्री ३१ टक्क्यांनी पडली, त्यामागे ही सगळी कारणं आहेत.

बँकांचं म्हणाल तर २००८ नंतर मागेल त्याला कर्जं वाटली कोणी? ती बुडीत कर्जांची घाण २०१८ च्या मार्चमध्ये एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांच्या वर दिसली, कारण ती दाखवायला लावली. दिवाळखोरी कायदा आला, मोठमोठ्या मालकांच्या हातून कंपन्या गेल्या. ऑपरेशन झालेल्या रोग्याला तिसऱ्या दिवशी पळायला लावून "बघा, दमला" म्हणण्यात काय हशील?

खर्चाच्या पाहणीबद्दलही तेच. २००९-१० चे आकडे दुष्काळी वर्षाचे म्हणून तेव्हाच्या सरकारनेही २०११-१२ मध्ये पुन्हा पाहणी केली होती. तेव्हा लोकशाही धोक्यात आली नव्हती.

हिशेबनीस

केली होती, पण २००९-१० चा अहवाल छापून मग केली. दोन्ही आकडे आजही समोर आहेत, हवं तर तुलना करा. मला तेवढंच हवंय. छापा आणि खाली लिहा की आम्हाला हे पटत नाही.

ट्रकची मर्यादा आणि विम्याचं मान्य. खरंच मान्य, वादासाठी नाही. फक्त अर्थमंत्र्यांनी त्या वेळी बीएस-६ सोबत ही दोन कारणंही पुढे ठेवली असती तर बरं झालं असतं. लक्षात काय राहिलं, तर त्यांचं ते 'तरुण पोरं ओला-उबर वापरतात'. ट्रकसुद्धा ओलाचे मागवतात वाटतं.

गणित कच्चं

दोघांचं वाचलं. एक बाळबोध प्रश्न. सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला, शेअर बाजार एका दिवसात १९०० अंकांनी उसळला. मग हिशेबनीसांच्या अशिलांना काही मिळालं की नाही?

हिशेबनीस

शून्य. माझे बहुतेक अशील प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्म. तो २२ टक्के फक्त कंपन्यांना. भागीदारी फर्मचा कर ३० होता, ३० च आहे. प्रोप्रायटर आपल्या स्लॅबने भरतो. बातमी आली त्या दुपारी तीन जणांचे फोन आले, "साहेब, आपला किती वाचला?" त्यांना समजावता समजावता घसा बसला.

आणि हिशेब बघा. ऑगस्टच्या २६ ला रिझर्व्ह बँकेने सरकारला १ लाख ७६ हजार कोटी द्यायचं ठरवलं. २० सप्टेंबरला सरकारने कंपन्यांना सोडले १ लाख ४५ हजार कोटी. ज्याची मशीन प्लास्टिकखाली झाकलेली आहेत त्याला कर कमी केला म्हणून तो पाचवं मशीन घेणार आहे का? त्याला ऑर्डर पाहिजे.

आडवा छेद

तो कर आजच्या ऑर्डरसाठी नव्हताच. नव्या कारखान्याला १५ टक्के ठेवलाय, उद्या चीनमधून निघणारा कारखाना व्हिएतनामला न जाता इथे यावा म्हणून. पाच वर्षांचा निर्णय पाच आठवड्यांत मोजू नका.

लोकांच्या हातात पैसे द्या म्हणणाऱ्यांनी २००९ ते २०१३ आठवावं. दिले होते. महागाई दोन आकड्यांत गेली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पुढे. मग लोकांनी कोणाला घरी बसवलं?

सातबारा

चांदवड तालुक्यातून लिहितो. तुमचं सगळं वाचतोय. शहरात मोटार खपेना की मंदी. आमच्याकडे नोटबंदीपासून जे चाललंय त्याला कोणी नावच ठेवलं नाही.

गेल्या डिसेंबरात कांदा दीड-दोन रुपये किलोने दिलाय लोकांनी, काहींनी रस्त्यावर ओतला. कोणत्या वाहिनीवर रात्री नऊला चर्चा झाली? या वर्षी अवकाळीने निम्मा कांदा शेतात सडला, उरलेल्याला जरा भाव दिसला की २९ सप्टेंबरला निर्यातबंदी. वर साठ्याची मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल. लासलगावला लिलाव बंद पडले. आता इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा आणतायत. आणि सरकारकडून वर्षाला सहा हजार खात्यात. दिवसाला साडेसोळा रुपये.

आडवा छेद साहेब, महागाई आटोक्यात ठेवली म्हणता ना, ती आमच्या अंगावरून आटोक्यात ठेवली. आधीचे पण हेच करायचे, म्हणून मला कोणाचा पुळका नाही. पण खेड्यातल्या माणसाच्या खिशात पैसे नसले तर तुमच्या भोसरीत बनलेल्या मोटारसायकली घ्यायच्या कोणी? पिंप रिकामं का, तर इथून.

हिशेबनीस

सातबारा, मी धाग्यात लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत. फुटलेल्या अहवालात शहराचा खर्च थोडा वाढलेला होता. घटला तो ग्रामीण, ८.८ टक्के.

काठावरचा

सगळं ठीक, पण राजकारणाचं काय? मे महिन्यात भाजपला ३०३ जागा दिल्या त्या याच लोकांनी ना? बेरोजगारीचा आकडा जानेवारीतच फुटला होता. म्हणजे लोकांना माहीत होतं आणि त्यांना फरक पडला नाही. मग नेत्याने तरी का काळजी करावी?

गणित कच्चं

ऑक्टोबरात महाराष्ट्रात त्यांचे आमदार १२२ वरून १०५ झाले की. फरक पडला.

आडवा छेद

२०१४ ला शिवसेनेशिवाय २६० जागा लढवल्या होत्या, या वेळी युतीत. १०५ पुन्हा पहिल्या क्रमांकाचेच. सोयीचं गणित नको.

काठावरचा

तेच म्हणतोय मी. प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो. सरकार बदललं असतं तरी अहवाल कपाटातच राहिले असते, फक्त कपाट दुसऱ्या पक्षाचं. माझ्या वडिलांनी १९७२ चा दुष्काळ रोजगार हमीच्या खडीवर काढला, नंतर १९७९-८० ला देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांनी घटलं ते पण बघितलं. ते म्हणतात, "मंदी सरकार आणत नाही आणि घालवतही नाही, श्रेय तेवढं घेतं."

हिशेबनीस

वडिलांना नमस्कार सांगा. पण हे "सगळे सारखेच" सरकारला फार सोयीचं पडतं. प्रश्न विचारणाराच प्रश्न मागे घेतो.

आडवा छेद

मग विचारा की. तुम्ही उद्या अर्थमंत्री झालात, काय कराल? 'मागणी वाढवू' असं मोघम नको. सोमवारी सकाळी कोणत्या फाइलवर सही कराल?

हिशेबनीस

एकच. माझा अशील आज माल पाठवतो, बिल फाडतो. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्याला त्या बिलाचा १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. वरच्या कंपनीकडून पैसे येतात नव्वद दिवसांनी, हल्ली एकशेवीस. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा कर तो पतपेढीतून कर्ज काढून भरतो. उशीर झाला तर व्याज, रिटर्न अडकलं तर लेट फी. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्या असा कायदा २००६ पासून आहे. तो वापरून तक्रार करणारा अशील मी अजून पाहिला नाही, कारण तक्रार केली की पुढचं शेड्यूल शून्य. छोट्यांनी पैसे मिळाल्यावर कर भरावा, त्या फाइलवर मी सही करीन. मशीनवरचं प्लास्टिक याने निघणार नाही, पण दुकान बंद तरी पडणार नाही.

आडवा छेद

याला माझाही पाठिंबा. फक्त नोंद करतो की पंचेचाळीस दिवसांचा कायदा मोडणारा मोदी नाही, वरची कंपनी आहे, आणि ती २००६ पासून मोडतेय. याला मंदी नाही, उधारी म्हणतात.

हिशेबनीस

चालेल, उधारी म्हणू. परवा त्याच शेडमध्ये मालकाने कंपनीच्या पर्चेसवाल्याला माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, "मार्केटमध्ये मंदी आहे ना शेठ, जरा थांबा." त्याच्याकडे नावाबद्दल काही गोंधळ नव्हता.

सातबारा

बाजार समितीत शेतकऱ्याचे पैसे चोवीस तासांत द्यायचा नियम आहे. माझ्याकडे एका व्यापाऱ्याचा चेक आहे, दोनदा बाउन्स झालेला, मागच्या वर्षीच्या मार्चचा. फोटो टाकू का?