मे संपला की बॉर्डर ओकीबोकी! काय लावावं आणि कुठल्या बागा बघाव्यात?

चाफेकळी:
इंग्लंडमधल्या केंटमध्ये घरामागे ६ मीटर लांब आणि २ मीटर रुंद बॉर्डर (फुलझाडांचा लांबट वाफा) आहे. नैर्ऋत्येकडे तोंड, सहा-सात तास ऊन, माती चिकण: हिवाळ्यात चिखल, जुलैत भेगा. एप्रिल-मेमध्ये ट्यूलिप आणि फॉरगेट-मी-नॉटचा ताटवा मस्त होतो, पण नंतर थेट ऑगस्टपर्यंत उघडी माती दिसते. मधल्या महिन्यांसाठी काय, किती आणि कधी लावू? शिवाय कल्पना घ्यायला कुठल्या बागा, कोणत्या महिन्यात बघाव्यात?

मातीमित्र:
जुलैचं ठरतं मेच्या शेवटच्या आठवड्यात. फॉरगेट-मी-नॉटच्या खालच्या पानांवर पांढरी भुरी दिसली की झाडं उपटा. तोवर बरंचसं बी पडलेलं असतं, पुढच्या वर्षीची रोपं फुकटात मिळतात. आणि रिकाम्या जागी त्याच दिवशी तयार रोपं जायला हवीत. बहुतेकांचं इथेच चुकतं: जागा मोकळी होते आणि मग रोपांची शोधाशोध सुरू होते.

म्हणून डेलियाचे कंद मार्चअखेर २-३ लिटरच्या कुंडीत, हिमापासून सुरक्षित जागी लावा. कॉसमॉसचं बी एप्रिलच्या सुरुवातीला घरात पेरा आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच लांबुळकी काठी वाढते. तुमच्या मापात ५ डेलिया (६० सेंमी अंतरावर) आणि ९ कॉसमॉस (४५ सेंमी) पुरे. कॉसमॉसला खत घालू नका, नुसता पाला माजतो.

उरलेल्या जागेत बहुवर्षायू झाडं. पुढे ‘रोझॅन’ जिरेनियमची ३ रोपं, ती जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलतात. मधे फ्लॉक्स आणि हेलेनियम. या दोघांवर मेअखेर ‘चेल्सी चॉप’ (बहर लांबवण्यासाठीची छाटणी) करा, पण अख्ख्या झुबक्यावर नको. फक्त पुढच्या बाजूच्या काड्या एकतृतीयांशाने कापा. मागच्या काड्या वेळेवर फुलतात, पुढच्या दोन-चार आठवडे उशिरा, म्हणजे एकाच झाडाचा बहर लांबतो. डेल्फिनियम, पिओनी, आयरिस यांना मात्र कात्री लावू नका, त्या वर्षीची फुलं जातील.

कंदमूळ:
वरचं सगळं बरोबर, पण डेलियासाठी खड्डा खणताना कुदळीखाली ट्यूलिपचे कंद चिरले जातात, त्याचं काय? एकतर ट्यूलिप २० सेंमी खोल लावा, नाहीतर फुलं उतरली की कंदासकट उपटून टाका. चिकणमातीत बहुतेक जाती दुसऱ्या वर्षी तशाही रोडावतात.

लावणी नोव्हेंबरमध्ये, त्याआधी नको. गार मातीत ‘ट्यूलिप फायर’ या बुरशीचा जोर कमी असतो. पानं वाकडी, भाजल्यासारखी आली तर झाड मुळासकट काढा, कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका आणि निदान तीन वर्षं तिथे ट्यूलिप लावू नका.

प्रत्येक कंदाखाली मूठभर बारीक खडी घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. चिकणमातीत त्याचा उपयोग शून्य. सभोवतीच्या मातीतून पाणी हलतच नाही, त्यामुळे तो खड्डा म्हणजे छोटं डबकंच होतं. त्यापेक्षा दर शरद ऋतूत संपूर्ण बॉर्डरवर ५ सेंमी कंपोस्ट पसरा, गांडुळं ते खाली नेतात. आणि ओल्या मातीवर पाय देऊ नका, फळी टाकून तिच्यावर उभे राहा.

गुलबक्षी:
बागांबद्दल. आधी माती जुळते का ते बघा, मगच फुलं बघा. उद्यानतज्ज्ञ बेथ चॅटो यांची एसेक्समधली खडीची बाग अप्रतिम आहे, पण ती जुन्या पार्किंगच्या कोरड्या जमिनीवर, पाणी न घालता केलेली आहे. तिची नक्कल तुमच्या चिखलात कुजेल.

तुमच्यासाठी शेजारच्या ईस्ट ससेक्समधल्या नॉर्दिअमची ग्रेट डिक्स्टर बाग, कारण तिथलीही माती जड चिकण आहे. बागेचे मालक आणि उद्यानलेखक क्रिस्टोफर लॉइड यांनी रुजवलेली तिथली खरी विद्या म्हणजे एका झाडाच्या जागी दुसरं कसं सरकवायचं. त्यामुळे एकच फेरी पुरत नाही: मेमध्ये, जुलैअखेर आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्याच लाँग बॉर्डरच्या त्याच जागेवरून फोटो काढा. फुलांचे जवळून काढलेले फोटो घरी आल्यावर काही शिकवत नाहीत. बुंध्याशी वाका आणि अॅलियमची (कांद्याच्या कुळातलं फुलझाड) पिवळी पडलेली पानं कशाआड लपवली आहेत ते बघा.

केंटमधल्याच सिसिंगहर्स्टची पांढरी बाग जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या मांडवावरचा गुलाब फुलतो तेव्हा. ग्लॉस्टरशायरमधलं हिडकोट दूर पडेल, पण तिथल्या लाल बॉर्डर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बघण्यासारख्या असतात. लहान घरांच्या बागा हव्या असतील तर ‘नॅशनल गार्डन स्कीम’च्या (खासगी बागा काही दिवस धर्मादायासाठी लोकांना खुल्या करणारी संस्था) यादीत आपला पोस्टकोड आणि तारीख टाका. मोठ्या इस्टेटीपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं. तुमच्याएवढ्याच जागेत तुमचीच अडचण कुणीतरी सोडवलेली असते, आणि मालक समोरच उभे असतात.

झाकाझाकीचा एक जुना नमुना सांगते. जुन्या काळच्या इंग्लिश उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल ओरिएंटल पॉपीच्या शेजारी जिप्सोफिला लावत. पॉपी वाळली की जिप्सोफिला तिच्यावर पसरे. जिप्सोफिलाचं बी धरून ते तपकिरी झालं की त्याच्यावर नॅस्टर्शियमचे वेल सोडत. एका जागेत तीन पाळ्या!

चाफेकळी:
सगळ्यांचे आभार. डेलियाचे कंद हिवाळ्यात जमिनीतच ठेवले तर? वर जाड आच्छादन देईन.

कंदमूळ:
वाळूच्या मातीत चाललं असतं. तुमच्याकडे थंडीपेक्षा ओल कंद मारते, आच्छादनाने ती थांबत नाही. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की दांडा १०-१५ सेंमी ठेवून कापा आणि काट्याच्या फावड्याने लांबून उकरा. मग दोन आठवडे उलटे टांगा. दांडा पोकळ असतो, सुलटा ठेवलात तर आतलं पाणी मानेशी साचतं आणि कंद नेमका तिथूनच सडतो. नंतर कोरड्या कंपोस्टमध्ये, हिम लागणार नाही अशा ठिकाणी. महिन्यातून एकदा चाचपून बघा, मऊ लागला तो भाग चाकूने कापून टाका.