गिऱ्हाइकाला पब्लिक चॅट सर्व्हर चालवू द्यावा का?

व्हीपीएसवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी, छोटा होस्टिंगचा धंदा आहे, भाड्याच्या दोन मशीनवर पन्नासेक व्हीपीएस, म्हणजे एकाच मशीनचे भाग पाडून भाड्याने दिलेले छोटे सर्व्हर. एका गिऱ्हाइकाला आयआरसी (जुन्या पद्धतीच्या, चॅनलमधल्या मजकुराच्या गप्पा) सर्व्हर टाकायचाय, कोणीही यावं बोलावं असा खुला. म्हणतो नुसता मजकूर जाणार, रॅम लागत नाही की बँडविड्थ, सगळ्यात स्वस्त प्लॅन द्या. हिशोब बरोबर वाटतोय, पण आमच्या अटींमधे पहिल्यापासून आयआरसीला बंदी लिहिलीये आणि का ते मलाच नीट सांगता येईना. हो म्हणू का?

रात्रपाळी:
दादा, खर्च गप्पांचा नसतोच, भांडणाचा असतो. चॅनलमधून एखाद्याला बॅन केलं की तो राग सर्व्हरवर काढतो, डीडॉस मारून, म्हणजे असंख्य मशीनवरून एकदम खोटा ट्रॅफिक ओतून. माझ्याकडे शनिवारी रात्री साडेअकराला ट्रॅफिकचा ग्राफ सरळ उभा चढला, पोर्ट 1 गिगाबिटचा आणि हल्ला त्याहून मोठा, मग त्या मशीनवरचे सगळेच बंद. डेटासेंटरने त्या चॅट सर्व्हरचा आयपी ब्लॅकहोल केला, म्हणजे त्याच्याकडे जाणारा सगळा ट्रॅफिक वाटेतच टाकून दिला, तेव्हा कुठे बाकीचे वर आले. त्यात एका खानावळवाल्या काकूंचं रविवारच्या ऑर्डरचं पान होतं, सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना, त्यांचा चॅटशी काडीचा संबंध नव्हता हो.

जुना_ऑपर:
हे आजचं नाही. 2002-03 मधे डालनेटसारखं मोठं आयआरसी नेटवर्क अशाच हल्ल्यांनी जेरीस आलं, सर्व्हर एकेक करून सुटत गेले. दुसरं म्हणजे बॉटनेट, हॅक झालेली मशीनं आयआरसीच्या नेहमीच्या 6667 पोर्टवर येऊन एखाद्या चॅनलमधे गपचूप हुकुमाची वाट बघत बसतात, मग अब्यूजच्या तक्रारी तुमच्या नावावर. बिल 95 पर्सेंटाइलवर असेल, म्हणजे महिनाभर ट्रॅफिकचा वेग मोजून, तर त्यातले सगळ्यात जास्त वेगाचे वरचे 5 टक्के म्हणजे साधारण 36 तास सोडून देतात, त्यामुळे एका रात्रीचा हल्ला बिलात दिसणार पण नाही, पण दोन दिवस चालला की पूर्ण महिन्याचं बिल त्या हल्ल्याच्या वेगानेच लागतं. मोजलेल्या जीबीवर असेल तर पहिल्या मिनिटापासून मीटर चालू. आधी तुमचा करार काढून बघा.

सायबर_ताई:
कागदाचं पण बघ भाऊ. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे डीडॉससारखी घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस ठेवायचे, आणि व्हीपीएस देणाऱ्याने गिऱ्हाइकाची पडताळलेली माहिती तो सोडून गेल्यावरही 5 वर्षं जपायची. रात्री अडीचला हे कोण करणार, ते आधी ठरव.

व्हीपीएसवाला_नाशिक:
सगळ्यांचे आभार, काकूंचं वाचून पोटात गोळा आला, माझ्याकडे पण एक दवाखाना आहे अपॉइंटमेंटवाला. करार काढला, आमचं बिल जीबीवर आहे. स्वस्त प्लॅन नाही म्हणून कळवतोय. वेगळं मशीन, वेगळा आयपी, डीडॉस फिल्टरिंगसकट आणि केवायसी करून घेणार असेल तर कोटेशन देईन. फिल्टरिंगवाला पोर्ट महिन्याला साधारण कितीला पडतो, कोणी घेतलाय का?