मदत हवी आहे : अर्ध्या भरलेल्या लँडाऊ पातळीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ५/२ लाच का जमतात?

नमस्कार. पदव्युत्तर वर्गापुढे अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामावर (अतिथंड, पातळ थरातील इलेक्ट्रॉनांवर तीव्र चुंबकी क्षेत्र लावले असता हॉल रोध ठराविक अपूर्णांकांना स्थिर राहतो, म्हणजे ‘पठार’ दिसते) बोलायचे आहे आणि तयारी करताना मी एका जागी अडकलो आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

१९८२ मध्ये त्सुई, स्टॉर्मर आणि गोसार्ड यांना फिलिंग फॅक्टर (लँडाऊ पातळ्या, म्हणजे चुंबकी क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या, स्पिनच्या शाखा वेगळ्या मोजून किती भरल्या आहेत तो आकडा) १/३ ला आढळलेले पठार लाफलिन यांच्या तरंगफलनामुळे उलगडते, आणि जैनेंद्र जैन यांच्या संयुक्त फर्मिऑनांमुळे (इलेक्ट्रॉन आणि त्याला जोडलेले सम संख्येचे भोवरे मिळून बनलेला कण) विषम छेदाचे इतर बहुतेक अपूर्णांकही एका सूत्रात बसतात. माझी अडचण सम छेदाची आहे.

गॅलियम आर्सेनाइडच्या थरात दर चौरस सेंटीमीटरला ३०० अब्ज इलेक्ट्रॉन धरून मी गणित मांडले, तेव्हा फिलिंग फॅक्टर १/२ सुमारे २४.८ टेस्लाला, ५/२ सुमारे ५ टेस्लाला आणि ९/२ सुमारे २.८ टेस्लाला आला. नमुना तोच आणि सर्वांत वरची पातळी तिन्ही वेळा अर्धीच भरलेली. तरीही १/२ ला पठार नसून संयुक्त फर्मिऑनांचा धातूसारखा समुद्र असतो, ५/२ ला १९८७ मध्ये पठार सापडले (संयुक्त फर्मिऑनांच्या जोड्या जमल्याने ते दिसते असे मानतात), आणि ९/२ ला रोध एका दिशेत मोठा व तिच्या काटकोनात अगदी लहान असल्याचे १९९९ मध्ये दिसले, म्हणजे इलेक्ट्रॉन पट्ट्यांत मांडले जातात.

पट्ट्यांचे कारण मला पटले आहे. ९/२ ला अर्धी भरलेली पातळी तिसरी असते (प्रत्येक लँडाऊ पातळीला स्पिनच्या दोन शाखा), आणि तिसऱ्या लँडाऊ पातळीत इलेक्ट्रॉन कड्यासारखा पसरलेला असतो (वरच्या नमुन्यात कड्याची त्रिज्या सुमारे ३५ नॅनोमीटर येते), आणि दोन कडी एकमेकांवर आल्यावर अंतर आणखी घटवले तरी प्रतिकर्षण फारसे वाढत नाही, म्हणून काही भागांत दाटी आणि काही भाग रिकामे ठेवणेच स्वस्त पडते.

मधली, म्हणजे ५/२ ची दुसरी पातळी मात्र उमगत नाही. तिथे जवळच्या अंतरावरचे प्रतिकर्षण खालच्या पातळीपेक्षा किंचितच सौम्य असते. मग तेवढ्याने संयुक्त फर्मिऑनांमध्ये जोड्या जमण्याइतके आकर्षण कसे निर्माण होते? चुंबकी क्षेत्र तिरपे केल्यास हेच पठार मावळते आणि ९/२ सारखा दिशाभेद दिसू लागतो, त्यावरून ही चढाओढ अटीतटीची असावी असे वाटते. संगणकीय आकडेमोडीचे निष्कर्ष मला मान्य आहेत, परंतु विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवता येईल असा युक्तिवाद हवा आहे. पहिल्या दोन पातळ्यांतील स्यूडोपोटेन्शियलांची (ठराविक सापेक्ष कोनीय संवेग असलेल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षण ऊर्जांची) तुलना त्यासाठी पुरेल का, की संयुक्त फर्मिऑनांच्या परस्परक्रियेपासूनच सुरुवात करावी लागेल?