दवाखान्यातली रोजची ओपीडी नीट लिहून ठेवायची तर सुरुवात कुठून करावी?

कोरा_केसपेपर
नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस आहे, मी आणि कंपाउंडर, बास. हंगामात ओपीडी सत्तर-ऐंशीवर जाते. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की खोकला, दम, कंबरदुखी यांची रांग लागते असं मला दरवर्षी वाटतं, पण वाटण्याला काही अर्थ नाही, आकडा पाहिजे. आपल्याकडच्या केसपेपरवर असतं काय, तर तारीख, नाव, बीपी आणि खाली औषधं, त्यातून मागे जाऊन काढायला काहीच मिळत नाही. आता ठरवलंय की या हंगामापासून व्यवस्थित लिहायचं आणि जमलं तर कुठेतरी छापायला पाठवायचं. सॉफ्टवेअर घेऊ का एक्सेल पुरेल? आणि परवानग्या वगैरे काय लागतात? मेडिकल कॉलेजशी माझा काही संबंध नाही.

पीएसएमवाली
सर, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी निदान लिहायचा हट्ट सोडा. ओपीडीत अर्ध्या पेशंटचं पक्कं निदान पहिल्या भेटीत होतच नाही, मग आपण 'व्हायरल' किंवा 'ब्राँकायटिस' ठोकून देतो आणि तोच डेटा होतो. त्यापेक्षा पेशंट काय म्हणून आला ते लिहा, त्याच्या शब्दांत. त्याला कोड द्यायचा तर आयसीपीसी-२ ही तक्रारी आणि आजारांच्या कोडची यादी वापरा, ती जनरल प्रॅक्टिससाठीच केलेली आहे आणि त्यात नुसत्या तक्रारीलाही कोड आहे. खोकला आर०५, धाप आर०२, कंबरदुखी एल०३. तुम्हाला रोज लागणारे वीस-पंचवीसच असतील, टेबलाच्या काचेखाली यादी सरकवून ठेवा.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पेशंटच्या तक्रारी नोंदवून केलेला पोसायडन स्टडी बघा. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० गावा-शहरांतल्या साधारण ७,४०० डॉक्टरांनी आपापल्या ओपीडीतले पेशंट फॉर्मवर नोंदवले, एकूण २,०४,९१२. निम्म्याहून जास्त पेशंटना श्वसनाची तक्रार निघाली. हे २०१५ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या जर्नलमध्ये आलं. फॉर्म कोणी भरले तर आपल्यासारख्याच दवाखान्यांनी!

घाटाखालचा
डॉ. हिंमतराव बावस्कर सरांचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. महाडला विंचूदंशाचे पेशंट बघता बघता घाम किती, हातपाय गार पडलेत का, उलटी कधी झाली हे एकेकाचं टिपत गेले, १९८६ ला विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरल्याचं लॅन्सेट या जर्नलमध्ये छापून आलं आणि २०११ ला बीएमजे या जर्नलमध्ये तर रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे पेशंटना चिठ्ठी काढल्यासारखं दोन गटांत वाटून उपचारांची तुलना, तीही महाडात बसून. पण त्यांचा प्रश्न एकच होता हे लक्षात घ्या. तुम्ही खोकला, दम, कंबर सगळं एकदम धरताय, डिसेंबरपर्यंत कंटाळाल. एक धरा.

आणि एक, औषध कंपन्यांचे एमआर जे 'सर्व्हे'चे फॉर्म घेऊन येतात, आमच्या गोळीवरचे वीस पेशंट भरून द्या, त्याला रिसर्च म्हणू नका. ते फॉर्म पुढे कुठे जातात देव जाणे.

वेल्सकर
मूळचा साताऱ्याचा, सध्या साउथ वेल्समध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. इथे आम्हाला एक गोष्ट आयती मिळते जी तुम्हाला नाही, ती म्हणजे यादी. प्रत्येक माणूस एकाच प्रॅक्टिसमध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे तो आजारी पडला नाही तरी मोजणीत असतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट या इथल्याच जीपींनी ग्लिनकोरग नावाच्या खाणकामगारांच्या गावात जवळजवळ सगळ्यांचं बीपी मोजलं ते त्या यादीच्या जोरावर. तुमच्याकडे पेशंट सकाळी तुमच्याकडे, संध्याकाळी समोरच्याकडे आणि रविवारी तालुक्याला.

म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला पहिली शंका ही आली की हंगामात खोकला वाढतो का ओपीडीच वाढते? टोळ्या आल्या की तुमच्या भागातली माणसंच वाढतात, मग खोकल्याचे पेशंट दुप्पट दिसले तर त्यात नवल काय. त्यात थंडीही त्याच महिन्यांत. तेव्हा एक रकाना हवाच, टोळीचा का गावचा, आणि रोजची एकूण ओपीडी न चुकता, खोकला नसलेल्यांसकट. मग निदान एवढं म्हणता येईल की आलेल्या टोळीवाल्यांपैकी इतके टक्के खोकल्याचे आणि त्याच महिन्यात गाववाल्यांपैकी इतके. 'तोडकऱ्यांमध्ये खोकला जास्त आहे' हे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही, कारण कोपीवर (तळावरच्या झोपडीत) खोकत बसलेला आणि मजुरी बुडते म्हणून न आलेला तुमच्या वहीत नाहीच.

कोरा_केसपेपर
वेल्सकर, हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. मुकादमाला विचारून टोळीत माणसं किती ते काढता येईल, निदान आमच्या बाजूच्या तळावरचं. मग खोकलाच धरतो. परवानगीचं कोणी सांगा ना.

पीएसएमवाली
नुसतं स्वतःचं काम सुधारायला वही ठेवलीत तर कोणी अडवत नाही. छापायचा विचार आहे तर एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) आधी, डेटा नंतर, उलटं केलं की जर्नलवाले पहिल्या फटक्यात परत पाठवतात. स्वतःची कमिटी नसली तरी चालतं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करता येतो, जवळच्या कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिनवाल्यांना गाठा, त्यांनाही बाहेरचा डेटा हवाच असतो. पेशंटची लेखी संमती घेण्यात सूट द्यायची का नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. आणि तळावर जाऊन माणसं मोजणार असाल तर तेही प्रपोजलमध्ये लिहा, कारण मग ते ओपीडीबाहेरचं काम झालं.

शीटमध्ये नाव, फोन, आधार काही नको, फक्त ओपीडी नंबर. नंबर आणि नाव जुळवणारी वही वेगळी, कुलपात. ऊसतोडीवाल्यांच्या बाबतीत तर जास्तच, कोण आजारी आहे ते मुकादमाच्या कानावर गेलं तर कामावरून काढायला वेळ लागत नाही.

घाटाखालचा
पहिली भेट आणि फेरभेट वेगळी लिहा हां, नाहीतर एकच म्हातारा चार वेळा खोकून जाईल आणि तुमच्याकडे चार पेशंट होतील. आणि खोकला किती दिवसांचा तेही विचारा, दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायला पाठवायचंच आहे आणि टीबी निघाला तर सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करणं तसंही आपल्यावर बंधनकारक आहे.

कोरा_केसपेपर
ओके. रकाने ठरले मग, तारीख, ओपीडी नंबर, वय, बाई/पुरुष, टोळी/गाव, नवीन/फेर, खोकला हो/नाही, किती दिवस. कंपाउंडर म्हणतो पहिले पाच मी केस काढतानाच भरतो, तुम्ही फक्त शेवटचे बघा. पुढच्या आठवड्यात कॉलेजला फोन करतो.