मास इफेक्ट ३ : तुम्ही शेवटी कोणता रंग निवडलात?

भाच्याने सुट्टीत मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमची लेजंडरी एडिशन (तिन्ही भाग एकत्र) खेळायला घेतलीय. काल रात्री फोन, "मामा, लाल, निळा की हिरवा? पटकन सांग, मी तिथेच उभा आहे." मला २०१२ चा मार्च, तिसरा भाग आला ते दिवस, आठवला आणि झोपच उडाली.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी : रीपर नावाची महाकाय यंत्रं दर ५०,००० वर्षांनी येऊन प्रगत संस्कृती संपवतात. शेवटी शेपर्डपुढे (आपण खेळतो तो नायक) तीन वाटा. लाल : रीपर खलास, पण सोबत सगळे गेथ (विचार करणारे रोबो) आणि आपल्याच जहाजावरची ईडी ही एआयसुद्धा. निळा : स्वतः मरून रीपरांचा ताबा घ्यायचा. हिरवा : आकाशगंगेतले सगळे सजीव आणि यंत्रं एकजीव.

मी लाल घेतला. रॅनॉक ग्रहावर गेथ आणि त्यांना घडवणाऱ्या क्वेरियनांची दिलजमाई घडवायला जीव काढला होता, तेच गेथ स्वतःच्या हाताने संपवले. तरी आजही लालच घेईन. रीपर शिल्लक ठेवून कुणाला झोप लागणार?

तुमचं काय? भाच्याला "तुझं तू बघ" म्हणून फोन ठेवला.

निशाचर
हिरवा. शेपर्ड सोडून कुणीच मरत नाही, विषय संपला.

खारीबिस्कीट
@निशाचर कुणी मरत नाही हे ठीक, पण विचारलं कुणाला? एक माणूस उडी मारतो आणि अब्जावधी जिवांची शरीरं बदलतात. तुचांका ग्रहावर शेतात राबणाऱ्या एखाद्या क्रोगन जमातीतल्या आजीला सकाळी उठून कळतं की आपल्या अंगात सर्किटं आलीत. त्या लोकांवर आधीच जेनोफेज (मुलं जगू न देणारा जनुकीय रोग) न विचारता लादला होता, त्यासाठी आपण सगळे तो बनवणाऱ्या सॅलेरियनांना शिव्या घालत होतो ना? मग हे काय वेगळं? लालमध्ये निदान आपण काय पाप करतोय ते माहीत असतं.
(कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर)

भुताचाभाऊ
ईडी गेल्याचं दुःख होणारा महाराष्ट्रातला एकमेव धागा 😂

मामंजी
=)) =))

डोंगलवाला
आमची नैतिकता नेटवर अवलंबून होती. ऑनलाइन खेळला नाहीत तर रेडिनेस (युद्धाची तयारी) ५० टक्क्यांवरच अडकलेली. गावी टूजी डोंगल, त्यात भारनियमन. त्यामुळे लाल निवडूनही शेपर्ड श्वास घेतो (म्हणजे वाचतो) तो सीन काही मिळाला नाही. मित्राच्या मोबाईलवर यूट्यूबला बघितला.

सायलीची_आई
मी निळा. ताबा माझ्याकडे असेल तर मी नीट वागवेन, असं वाटलं होतं. हे वाक्य आता लिहून बघताना जरा भीती वाटतेय 😬 तीन गेम भर निळा म्हणजे सज्जन आणि लाल म्हणजे दांडगट, आणि शेवटी शेपर्डच्या गुरूची, अँडरसनची वाट लाल अन् खलनायक इल्युझिव्ह मॅनची निळी. हे मुद्दाम केलंय, माझं ठाम मत.

निशाचर
@खारीबिस्कीट मुद्दा आहे. पण गेथना तरी कुठे विचारलं? लीजन नावाचा गेथ आपल्याला आत्मा आहे का विचारत गेला, आणि त्यांचं उत्तर म्हणून लाल बटण?

खारीबिस्कीट
गेथसाठी रडू येतं, मान्य. तरी लाल.

पोह्यांचा_बादशहा
चौथा कुणीच नाही? शेवटी तीन वाटा सांगणाऱ्या त्या पोराला गोळी घालायची. एक्स्टेंडेड कटनंतर (नंतर आलेले वाढीव शेवट) तसं केलं की थेट नकार धरतात, सगळे मरतात, आणि आपल्या सोबतिणीने, लियाराने ठेवलेल्या माहितीवर पुढचं चक्र जिंकतं. मी रागाने झाडली. तत्त्वबित्त्व काही नाही, ते पोरगं फार शहाणपणा शिकवत होतं.

भुताचाभाऊ
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं 😂

एकटा_टायगर
अवांतर : शेवट फक्त रंगाने वेगळे म्हणून चाहत्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअरला कपकेक पाठवले होते आठवतंय? लाल, निळे, हिरवे आणि चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. इतका सभ्य निषेध मी पाहिला नाही.

अति अवांतर : निअर ऑटोमाटा खेळा. शेवटी अनोळखी खेळाडूला मदत करायची तर स्वतःचे सगळे सेव्ह पुसावे लागतात. गोष्टीतली माणसं मारणं सोपं हो, स्वतःचे सेव्ह पुसताना हात थरथरतो. मी पुसले. बायको म्हणाली, इतकं घर पुसलं असतंस तर.

सायलीची_आई
वहिनींना +१

मामंजी
मी अजून खेळलोच नाही, इथे सगळं फोडलंत. असो. आठ जीबी रॅमवर चालेल का?

डोंगलवाला
चालेल काका, पण डिस्कवर १२० जीबी जागा लागते.

मामंजी
अरे बाप रे. मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ हलवावे लागतील. हिला विचारून सांगतो.